जुनें विमान पाहतांना

जुनें विमान विकत घेण्याचा बेत मीं टेलिफोनवरून पुण्यास दादाला कळविला, तेव्हां पलीकडून कांहीं वेळ शब्दच आला नाहीं. मग तो म्हणाला, "अरे, जुनी स्कूटर घ्यायची तरी आपण चार लोकांना विचारतों. आणि स्कूटर बंद पडली तर माणूस ती ढकलीत घरीं तरी येतो. तुझें हें बंद पडलें म्हणजे तूं कोठें उतरणार?"

या प्रश्नाचें पाठ केलेलें उत्तर मजजवळ होतें. इंजिन बंद पडलेलें विमान दगडासारखें कोसळत नाहीं. घारीसारखें तरंगत उतरतें. ज्या जातीच्या विमानावर मी उडावयास शिकलों, तें एक मैल उंचीवर असतांना इंजिन थांबलें तरी सुमारें नऊ मैल पुढें जाऊं शकतें, आणि आमच्या ओहायोसारख्या सपाट, शेतांनीं भरलेल्या प्रांतांत नऊ मैलांत उतरण्याजोगें एखादें शेत सांपडूं नये असें सहसा होत नाहीं. हें सारें मीं दादाला ऐकविलें, आणि त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें. पण त्याचा खरा प्रश्न इंजिनाचा नव्हता, हें मला त्या वेळींही समजत होतें. दुसऱ्यानें वापरून सोडलेल्या वस्तूच्या भरंवशावर आपलीं माणसें आकाशांत न्यावयाचीं, तर तो भरंवसा तूं कशावरून ठरविणार, असें त्याला विचारावयाचें होतें. याचें उत्तर मला ठाऊक नव्हतें. तें शोधण्यांत माझे पुढचे सात महिने गेले.

अमेरिकेंत हौसेनें उडणारा माणूस जुनें विमान घेतो, तो केवळ पैसे वांचविण्यासाठीं नव्हे. आकाशांतील बहुतेक लहान विमानें जुनींच आहेत. १९७८ सालीं या देशांत सतरा हजारांहून अधिक लहान विमानें तयार झालीं होतीं. त्यानंतर आठ-दहा वर्षांत तो धंदा जवळजवळ बसला. पैशाची टंचाई, इंधनाची महागाई अशीं त्याचीं अनेक कारणें होतीं. पण तीस वर्षांपूर्वीं विकलेल्या विमानाला आज अपघात झाला, तरी कारखानदारावर फिर्याद होऊं शके, हें त्यांतलें एक मोठें कारण होय. १९८६ सालीं सेस्ना कंपनीनें आपलीं लहान विमानें काढण्याचें थांबविलें. १९९४ सालीं कायदा झाला आणि कारखानदाराची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित झाली. तेव्हां कोठें तो कारखाना पुन्हां सुरू झाला. पण मधल्या काळांत किंमती अशा चढल्या कीं नवें विमान पगारदार माणसाच्या हातून कायमचें निसटलें. त्यामुळें आज ज्याला उडावयाचें आहे, तो आपल्या धाकट्या भावंडांच्या वयाच्या विमानांत बसतो. तीं विमानें टिकतात, कारण दर बारा महिन्यांनीं तीं उघडून तपासून घेतलींच पाहिजेत असा कायदा आहे. आणि जो भाग झिजला तो बदलतां बदलतां अखेर, जुन्या वाड्याच्या तुळया बदलाव्या त्याप्रमाणें, मूळचें काय उरलें आणि नवें काय आलें हें कागद पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

वापरलेली वस्तु पारखून घेण्याची विद्या आमच्या घराण्यांत अगदींच नव्हती असें नाहीं. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यांत शेती करीत आणि पुसेगांवच्या यात्रेंतून खिलारी बैल आणीत. लहानपणीं एकदां मी त्यांच्याबरोबर गेलों होतों. शिंगें रंगविलेलीं, अंगावर झूल, गळ्यांत घुंगुर, असा एक पांढरा शुभ्र बैल पाहून मी तेथेंच उभा राहिलों. आजोबांनीं त्याच्या झुलीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. त्यांनीं त्याचा जबडा उघडून दांत पाहिले. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला, असा त्यांचा हिशेब असे. मग त्यांनीं त्याला थोडें चालवून मागून पाहिलें आणि पुढें चालूं लागले. दुसऱ्या एका बैलाचा भाव त्यांनीं उपरण्याखालीं व्यापाऱ्याचीं बोटें धरून ठरविला. तो काय ठरला, हें शेजारीं उभ्या असलेल्या मलासुद्धां कळलें नाहीं.

विमानाचे दांत कोठें असतात, हें मात्र मला कोणीं शिकविलें नव्हतें.

कोणतें विमान घ्यावें या विषयावर लहान विमानतळांवरील मंडळी तासन्‌तास बोलूं शकतात, आणि बोलतात. मी ऐकत गेलों तसतसा माझा मोह वाढत गेला. बीचक्राफ्ट कंपनीचें बोनान्झा हें विमान १९४७ पासून बाजारांत आहे. त्याचें इंग्रजी व्ही अक्षरासारख्या शेपटाचें रूप १९८२ पर्यंत निघत होतें. आकाशांत गेल्यावर चाकें पोटांत ओढून घेणारें तें देखणें विमान जवळून पाहिल्यावर मला कित्येक दिवस दुसरें कांहीं सुचेना. शेवटीं, ज्यानें मला उडावयास शिकविलें त्या शिक्षकानें मला एक साधी गोष्ट करावयास सांगितली. "तुमची स्वतःची उड्डाणांची वही काढा," तो म्हणाला, "आणि गेल्या दोन वर्षांत कोठें गेलां, किती जण होतां, तें मोजा." मीं मोजलें. ७१ उड्डाणांपैकीं ५८ तासाभराच्या आंतलीं होतीं. पत्नी बरोबर होती अशीं ११. चौघांचें एकही नव्हतें. मनांत मी दर महिन्याला शिकागोस मुलीकडे जात होतों. वहींत मात्र मी पंचवीस मैलांवरच्या गांवीं उतरून, कॉफी पिऊन, परत येत होतों. इतकें नागडें आत्मचरित्र मीं दुसरें वाचलेलें नाहीं.

बोनान्झा सुटलें, तरी चार बैठकींचा हट्ट सुटेना. मुलगी आणि जांवई केव्हां तरी येतील, तेव्हां चौघे मिळून जाऊं, हें माझें पालुपद होतें. त्यासाठीं मीं सेस्ना १७२ या जातीचा विचार सुरू केला. १९५६ सालीं बाजारांत आलेलें हें विमान जगांत सर्वांत अधिक संख्येनें तयार झालेलें विमान होय. आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक निघालीं आहेत. त्यांत चार बैठकी आहेत. पण चार बैठकी म्हणजे चार माणसें नव्हेत, हें मला कागद-पेन्सिल घेतल्यावर कळलें. १९७० नंतरच्या एका साध्या १७२ चें सर्व मिळून वजन २३०० पौंडांहून अधिक होतां कामा नये. विमान रिकामें १४५० भरलें, तर उरले ८५०. टाक्यांत वापरण्याजोगें पेट्रोल ३८ गॅलन, दर गॅलनास ६ पौंड, म्हणजे २२८ गेले, उरले ६२२. आतां माणसें. माझे १७६, जांवयाचे, तो सांगतो त्यावर विश्वास ठेवल्यास, १९०, मुलीचे १३०. राहिली पत्नी. तीस वर्षांच्या संसारांत मीं तिला तिचें वजन विचारलें नव्हतें. तिनें माझ्याकडे एकदां पाहिलें, आंत जाऊन कांट्यावर उभी राहिली, आणि स्वयंपाकघरांतून ओरडून सांगितलें, "एकशें एकेचाळीस! आणि तुमच्या गणितांत डबा धरला आहे का?" बेरीज ६३७ झाली. डबा दूरच राहिला, पंधरा पौंडांचीं माणसेंच अधिक झालीं होतीं. चौघांनीं जावयाचें तर पेट्रोल कमी घ्यावयाचें, म्हणजे मध्यें कोठें तरी उतरावयाचें. पेट्रोल हवें तर माणूस खालीं ठेवावयाचें. विमान विकणारे या गणिताविषयीं फारसें बोलत नाहींत.

पंख वर असावे कीं खालीं, हा वाद मात्र आमच्या घरीं लौकर मिटला. पायपर कंपनीच्या चेरोकी जातीचे पंख खालीं असतात; तें विमान दिसावयास ठेंगणें आणि सुबक. पण त्याला दार एकच, तेंही उजव्या बाजूस, आणि पेट्रोल एका वेळीं एकाच टाकींतून येतें, म्हणून टाकी बदलण्याची आठवण वैमानिकास ठेवावी लागते. सेस्नाच्या पंखांतलें पेट्रोल दोन्ही टाक्यांतून आपोआप खालीं उतरतें. त्यांतच २०१८ सालीं फ्लॉरिडांत, डेटोना बीच येथें, पायपरच्याच कुळांतील एका विमानाचा पंख हवेंत तुटला आणि आंतील दोघेही गेले. धातु थकून भेगाळला होता असें चौकशींत दिसून आलें, आणि २०२१ सालीं त्या कुळांतील पुष्कळ विमानांच्या पंखांची तुळई तपासण्याचा सरकारी हुकूम निघाला. एका अपघातावरून सगळ्या कुळाला नांव ठेवणें न्यायाचें नव्हे. तपासून घेतलेलें विमान निर्धोक असूं शकतें. पण आमच्या घरीं निर्णय या तांत्रिक मुद्द्यांवर झालाच नाहीं. पत्नी म्हणाली, "खालचें दिसणार नसेल तर वर जायचें कशाला?"

मग मी जाहिराती वाचूं लागलों. १९३७ पासून निघणारें आणि पिवळ्या कागदासाठीं प्रसिद्ध झालेलें 'ट्रेड-ए-प्लेन' हें पत्र या धंद्याची जुनी बाजारपेठ. तींतली भाषा शिकण्यास मला दोन महिने लागले. 'नवा रंग' म्हणजे जुना पत्रा, हें पहिल्यानें समजलें. 'सर्व नोंदवह्या आहेत' यांतील 'सर्व' कोणत्या सालापासून, तें विचारावें लागे. पण मला खरा फसवीत होता तो तासांचा आंकडा. विमानाचें वय वर्षांत आणि इंजिनाचें वय तासांत सांगतात. ज्या लायकमिंग इंजिनाला दोन हजार तासांनीं पूर्ण उघडून नवें करावें असें कारखान्याचें म्हणणें, तें नवें केल्यापासून अवघे दोनशें तास चाललें आहे असें वाचलें कीं मला तें अगदीं तरुण वाटे. पुढें समजलें कीं हे दोनशें तास बावीस वर्षांतले आहेत. या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असतो. विमान महिनोन्‌महिने हँगरमध्यें निजून राहिलें कीं त्यावरचें तेल निथळून खालीं जातें, दमट हवेनें त्याला गंज चढतो, आणि पुढें तोच गंज झिजून इंजिनभर फिरतो. आठवड्यास दोनदां उडणारें दीड हजार तासांचें इंजिन त्याहून पुष्कळ निरोगी असूं शकतें. तेव्हां ज्याला मालकानें फार जपलें, त्याच्याच प्रकृतीची अधिक चौकशी करावी लागते.

पहिलें विमान आम्ही पाहिलें तें शेजारच्या इंडियाना राज्यांत. त्याचें वर्णन मी थोडक्यांत करतों, कारण अजूनही मला त्याची लाज वाटते. निळा-पांढरा रंग आरशासारखा होता. बैठकी चामड्याच्या. जुन्या घड्याळांसारख्या यंत्रांच्या जागीं नवे पडदे बसविलेले. विक्रेता हंसतमुख, नीटनेटका, घाई न करणारा. पत्नीनें आंत बसून दार लावून पाहिलें आणि तिचा चेहरा असा उजळला कीं मीं त्याच क्षणीं मनांत सौदा पुरा केला. चेकबुक माझ्या खिशांत होतें. पण घेण्यापूर्वीं स्वतःच्या माणसाकडून विमान तपासून घ्यावें असा रिवाज आहे, म्हणून मीं आमच्या मैदानावरील एका वृद्ध मेकॅनिकला बरोबर नेलें होतें. त्यानें विमानाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. "वह्या कोठें आहेत?" एवढेंच तो म्हणाला.

त्यानें एका लांकडी टेबलावर तीन वह्या मांडल्या: सांगाड्याची, इंजिनाची, पंख्याची. चष्मा लावला, आणि तीन तास वाचीत बसला. मला कंटाळा आला. खरें सांगावयाचें तर रागही आला. मध्यें एकदां त्यानें मला जवळ बोलाविलें. पंख्याच्या वहींत एका वर्षाच्या मार्च महिन्यांत दुसरा पंखा बसविल्याची नोंद होती. इंजिनाच्या वहींत त्या मार्चमध्यें कांहींच नव्हतें. "चांगला पंखा कोणी सहज बदलीत नाहीं," तो म्हणाला. विमानाचा फिरता पंखा जमिनीस लागला तर इंजिन एकाएकीं अडतें, तो धक्का क्रँकशाफ्टला बसतो, आणि अशा वेळीं इंजिन उघडून पाहिल्यावांचून पुन्हां उडूं नये, हें या धंद्यांत सर्वांना ठाऊक असतें. मग त्यानें नाकाचें झांकण काढविलें, आणि इंजिन व माणसें यांच्यामधील ज्या पत्र्याला फायरवॉल म्हणतात, त्याच्या खालच्या भागावर नख फिरविलें. पत्र्याला सुरकुत्या होत्या. पुढचें चाक जोरानें आपटलें म्हणजे तेथें अशा सुरकुत्या पडतात. सुरकुत्यांवर नवा रंग फार सुंदर दिलेला होता.

"तें पूर्वीच्या मालकाच्या वेळचें असेल," विक्रेता म्हणाला, आणि तो खोटें बोलत होता असेंही मी म्हणत नाहीं.

परतीच्या वाटेवर मोटारींत मी चिडून बसलों होतों, आणि चिडलों होतों तो विक्रेत्यावर नव्हे, त्या म्हाताऱ्यावर. त्यानें माझें विमान काढून घेतलें होतें. दोन सुरकुत्या आणि एक न लिहिलेली ओळ, एवढ्यावरून! मी मनांत युक्तिवाद रचूं लागलों कीं वर्षानुवर्षें तें उडतेंच आहे, मग... इतक्यांत पत्नी म्हणाली, "मी त्यांत बसलें असतें."

मीं विचारलें, "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही घेतलें असतें तर मी बसलें असतें. मला थोडेंच कांहीं कळणार होतें? तुम्ही घेतलें म्हणजे पाहूनच घेतलें असणार, असें मीं धरलें असतें."

पुढचे चाळीस मैल आम्ही दोघेही बोललों नाहीं. दादाचा प्रश्न मला त्या मोटारींत पहिल्यानें नीट ऐकूं आला. मी आजवर असें धरून चाललों होतों कीं भरंवसा ठेवणारा मी, आणि ज्यावर ठेवावयाचा तें विमान. माझ्यावर कोणी ठेवीत आहे, याचा हिशेब वजनाच्या त्या गणितांत नव्हता.

त्यानंतर मीं पांच विमानें पाहिलीं; त्यांच्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं. एकाचा पत्रा आंतून खाल्लेला होता, दुसऱ्याचा मालक किंमत रोज बदलीत होता, आणि बाकीच्यांना माझ्याहून चपळ गिऱ्हाइकें मिळालीं. सातवें विमान आमच्याच राज्यांत, घरापासून सत्तर मैलांवर निघालें. तें १९७४ सालचें सेस्ना १७२ होतें, आणि कुरूप होतें. तपकिरी व पिवळट रंगाचे पट्टे, तेही उडालेले. समोरच्या प्लास्टिकला उन्हानें तडे गेलेले. बैठकीवर मालकानें घरून आणलेली लोंकरी उशी. मालक ८१ वर्षांचा. दृष्टि अधू झाल्यामुळें त्याला एकट्यानें उडण्याची परवानगी राहिली नव्हती.

मी त्याला वह्या मागणार, तोंच त्यानें मला विचारलें, "तुम्ही आठवड्याला किती उडतां?" मग विचारलें, हँगर आहे कीं उघड्यावर ठेवणार. तेल किती तासांनीं बदलतां. बरोबर कोण बसतें. हीं उत्तरें मी परीक्षेस बसल्यासारखीं देत होतों, आणि देतां देतां मला एकाएकीं आजोबा आठवले. पुसेगांवीं ते बैल घेण्यासाठीं जात, तसे घरचा बैल विकण्यासाठींही जात; आणि तेव्हां गिऱ्हाइकाची जमीन किती, पाणी किती, गोठा कसा, हें ते विचारीत. एकदां उत्तरें मनास न आल्यामुळें त्यांनीं बैल परत आणला होता, आणि त्यावरून आजीचें व त्यांचें दोन दिवस भांडण झालें होतें.

वह्या पहिल्या दिवसापासूनच्या होत्या. १९७४ पासूनचें प्रत्येक पान. शेवटचीं एकतीस वर्षें या एकाच मालकाचीं. दर चार महिन्यांनीं, उडो वा न उडो, तेल बदलल्याची नोंद. १९८३ सालीं डाव्या पंखाचें टोंक हँगरच्या दारास घांसून बदलावें लागलें होतें. तें कोणीं, कोणत्या भागांनीं दुरुस्त केलें, त्याचा सरकारी नमुन्यावरील कागद पुढें जोडलेला. तें तर त्याच्या पूर्वीच्या मालकाचें प्रकरण होतें. पण वही उघडण्यापूर्वींच त्यानें तें मला स्वतः सांगितलें. आमचा मेकॅनिक यावेळीं दीड तासांतच उठला. मला वाटलें, झालें. कागद असे निर्मळ असल्यावर आणखी काय पाहावयाचें?

तो मात्र उठून विमानाकडे गेला. आठही स्पार्क प्लग काढून त्यानें ओळीनें मांडले. एका सिलिंडरला दोन, म्हणजे एक विझला तरी दुसरा उरतो. (१९३० सालीं आगाखान पारितोषिकासाठीं कराची आणि लंडन यांच्या दरम्यान उडतांना जे. आर. डी. टाटांनीं वाटेंत, इजिप्तमधील अबूकीर येथें, अडकून पडलेल्या अस्पी इंजिनियरला आपल्याजवळचे प्लग दिले आणि पारितोषिक अस्पीनें जिंकलें, ही कथा मीं त्याला सांगितली. त्यानें ती आवडीनें ऐकली, पण हात थांबविला नाहीं.) सिलिंडरांत ८० पौंडांच्या दाबानें हवा भरून कितपत टिकते तें पाहिलें: ७६, ७५, ७८, ७४. उत्तम. आंत बारीक कॅमेरा घालून पाहिलें, तेंही उत्तम. मग त्यानें सायलेन्सरवरचें पत्र्याचें वेष्टन काढलें, आणि दिवा धरून बराच वेळ तसाच वांकून राहिला.

सायलेन्सरला अंगठ्याएवढी भेग होती. हिवाळ्यांत विमानांत जी ऊब येते, ती याच तापलेल्या सायलेन्सरभोंवतीं खेळविलेली हवा असते. भेगेंतून इंजिनाचा धूर त्या हवेंत मिसळला तर कार्बन मोनॉक्साइड आंत येतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो चढला तर वैमानिकाला झोंप आल्यासारखी वाटते, एवढेंच.

म्हाताऱ्या मालकानें हातानें चाचपून भेग पाहिली. त्याला ती दिसत नव्हती, बोटानें लागली. तो तेथेंच एका खोक्यावर बसला. "गेल्या डिसेंबरांत मीं माझ्या नातीला नेलें होतें," तो म्हणाला. शेजारीं एक तरुण वैमानिक मित्र होता, उड्डाण छोटें होतें, थंडी फारशी नव्हती; असें तो एकेक सांगत गेला आणि मग थांबला. एकतीस वर्षांच्या निर्मळ अक्षरांत ही भेग कोठेंही नव्हती, कारण ती कोणीं पाहिलीच नव्हती. मला तर दुसरीच गोष्ट जाणवून धस्स झालें. पहिल्या वेळीं मी रंगावर भुललों होतों. यावेळीं वह्यांवर भुललों होतों. म्हातारा मेकॅनिक नसता तर मी त्या दिवशीं दोन्ही वेळां सारख्याच खात्रीनें पत्नीला आंत बसविलें असतें.

मालकानें किंमत आपण होऊन कमी केली, सायलेन्सर नवा येईपर्यंत विमान मला देणार नाहीं असें बजावलें, आणि माझ्याकडून एक वचन घेतलें: कार्बन मोनॉक्साइड दाखविणारें लहान यंत्र समोर बसवावयाचें. तें मीं त्याच आठवड्यांत विकत घेतलें. मधल्या काळांत ओक्लाहोमा सिटीच्या विमान-नोंदणी कचेरींतून या विमानावर कोणाचें कर्ज नाहीं ना, याचा शोध घेतला, विमा उतरविला. विमा कंपनीला विमानाच्या वयापेक्षां माझ्या अनुभवाच्या तासांची अधिक चिंता होती, आणि तें योग्यच होतें.

सौद्याच्या दिवशीं आम्ही दोघे एकदां उडालों. कायद्यानें विमान माझ्या ताब्यांत होतें, पण डाव्या बैठकीवर मीं त्याला बसविलें आणि मी उजवीकडे बसलों. वर गेल्यावर त्यानें सुकाणू हातांत घेतलें. त्याची नजर क्षितिजापर्यंत पोंचत नव्हती. तरी विमान एका सरळ रेषेंत चाललें होतें. तो मला ऐकावयास सांगत होता. या वेगाला हा आवाज येतो, तो येऊं दे. याहून जाड आला तर पाहा. उजवें दार थंडींत खडखडतें, त्याचें कांहीं नाहीं. "आणि डाव्या टाकीचा कांटा खोटें बोलतो," तो म्हणाला. "वीस वर्षें झालीं. तो दुरुस्त करून घ्या. पण दुरुस्त केल्यावरही त्यावर विश्वास ठेवूं नका. वर चढून काठी बुडवून पाहा."

उतरल्यावर त्यानें आपली लोंकरी उशी काढून बगलेंत धरली. पत्नी कुंपणापाशीं उभी होती. तिला त्यानें नांव विचारलें, दोनदां तें म्हणून पाहिलें, आणि मग तिला पंखाच्या दांडीवरील पायरी दाखविली: येथें पाय, येथें हात, आणि झांकण असें फिरवावयाचें. पेट्रोल मोजण्याची ती खुणांची काठी त्यानें माझ्या हातांत न देतां तिच्या हातांत दिली.

कांटा मीं पुढें दोनशें डॉलर खर्चून दुरुस्त करून घेतला. तो तीन महिने खरें बोलला. अजून प्रत्येक उड्डाणापूर्वीं पत्नी पदर खोंचून, म्हणजे हल्लीं कोटाची बाही सारून, वर चढते, दोन्ही टाक्यांत काठी बुडविते, आणि आंकडा मला न सांगतां पहिल्यानें स्वतःच्या एका छोट्या वहींत लिहिते. मी आंत बसून यंत्रें पाहत असतों. काल सकाळीं वरून तिचा आवाज आला, "डावी अकरा, उजवी पंधरा!" मीं समोर पाहिलें. डाव्या टाकीचा कांटा 'पूर्ण भरलेली' या खुणेवर शांतपणें उभा होता. मी उतरून पेट्रोलच्या पंपाकडे गेलों.